जुना ट्रॅक्टर घेताना मीटरचे तास पाहावेत की त्याने केलेले काम?

प्रश्न – गोदाकाठचा शेतकरी (कोपरगाव)

नमस्कार मंडळी. माझी साडेनऊ एकर काळी बागायती जमीन असून तीत सोयाबीन, कांदा, गहू आणि थोडा ऊस अशी पिके असतात. आजवर नांगरट आणि रोटाव्हेटर भाड्यानेच करून घेत आलो. परंतु पाऊस उघडून वाफसा आला की गावातील सगळे ट्रॅक्टर एकाच वेळी गुंततात आणि आपला नंबर लागेपर्यंत जमीन पुन्हा घट्ट होते. म्हणून स्वतःचा ट्रॅक्टर घेण्याचे ठरविले आहे. एवढ्या जमिनीवर नव्या ट्रॅक्टरचा हप्ता फिटणार नाही, असे माझे गणित सांगते. त्यामुळे जुनाच घ्यावा लागेल.

शेजारच्या तालुक्यात महिंद्राचा ५७५ डीआय पाहण्यात आला. आरसीवर २०१५ सालची नोंद आहे आणि मीटर ३,८०० तास दाखविते. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे ट्रॅक्टर घरच्या शेतीबाहेर कधी गेलेला नाही. रंग ताजा आहे, मागचे दोन्ही टायर नवे आहेत आणि इंजिनाचे काम दोन वर्षांपूर्वी केले आहे. किंमत ३ लाख ७० हजार सांगतात. सगळे छान दिसत असताना ट्रॉली जोडायच्या मागच्या हुकाच्या पट्टीचे भोक मात्र चांगलेच लंबगोल झालेले दिसले आणि तेव्हापासून मनात शंका आहे.

माझा प्रश्न असा की मीटरच्या आकड्यावर कितपत विसंबावे आणि मेस्त्री नसलेल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी नेमके काय काय तपासावे? मेस्त्री सोबत नेणारच आहे, पण तो जे पाहील त्याचा अर्थ मलाही कळला पाहिजे. रस्त्यावर अर्धा तास चालवून पाहणे पुरेसे आहे का? कागदपत्रांबाबतही जाणकारांनी लिहावे.

उत्तर – कृष्णाकाठचा मेस्त्री (वाळवा)

दादा, हुकाच्या पट्टीकडे आपली नजर गेली हे उत्तम झाले. जुना ट्रॅक्टर पाहताना मी हुक सर्वांत आधी पाहतो आणि मीटर सर्वांत शेवटी, कारण ट्रॅक्टर किती तास चालला यापेक्षा तो कोणत्या कामाला चालला यावर त्याचे उरलेले आयुष्य अधिक ठरते. केबलवर चालणारे मीटर घड्याळाचे तास मोजत नाही, ते इंजिनाचे फेरे मोजते. ठरावीक आरपीएमला त्याचा तास घड्याळाच्या तासाएवढा भरतो आणि इंजिन त्याहून हळू फिरत असेल तर तो रेंगाळतो. शिवाय केबल तुटली किंवा कोणी काढून ठेवली, की मीटर थांबते. ट्रॅक्टर थांबत नाही. शेतीयंत्रांचा खर्च काढताना ट्रॅक्टरचे आयुष्य १० वर्षे किंवा १०,००० तास, म्हणजे वर्षाला १,००० तास, धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने ३,८०० हा आकडा घरच्या शेतीपुरत्या वापराशी जुळतो, पण ओढकामाशी, म्हणजे ट्रॉलीने माल ओढण्याशी, मुळीच जुळत नाही. तेव्हा आकडा खरा की खोटा, हे ट्रॅक्टरच्या अंगावरच शोधावे लागेल.

क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे खडबडीत लोखंड गुळगुळीत झाले आहे का, पेडल आडवे हलविले तर त्याच्या शाफ्टमध्ये किती खेळ आहे, लिफ्टच्या (मागचे औजार उचलणाऱ्या यंत्रणेच्या) खालच्या दांड्यांचे गोळे सैल झाले आहेत का, टॉप लिंकच्या म्हणजे वरच्या दांडीच्या पिनेची जागा किती खाल्ली गेली आहे, या गोष्टी रंग मारून झाकता येत नाहीत. मागचे टायर नवे असणे ही जमेची बाजू आहेच. पण जुने टायर शेतात झिजले की डांबरावर, हा पुरावाही त्यांच्याबरोबर गेला, हे लक्षात ठेवावे. आमच्याकडे दोन ट्रॉल्या जोडून ऊस ओढणारे ट्रॅक्टर हंगामात रात्रंदिवस रस्त्यावर असतात. अशा कामाने इंजिन एकवेळ तग धरते. खचतात ते क्लच, ब्रेक, वरचे गिअर, क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांकडे जोर वळविणारी गिअरची जोडी) आणि मागच्या ॲक्सलची बेअरिंगे. म्हणून हुक ज्या ठिकाणी मागच्या हाऊसिंगला बसतो तिथला रंग खरवडून वेल्डिंगचे टाके आहेत का ते पाहावे आणि बोल्ट मूळचे आहेत की नंतर जाड घातलेले आहेत, हेही पाहावे.

आता इंजिन. जाण्याआधी मालकांना स्पष्ट सांगावे की आम्ही येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करू नका आणि धुऊही नका. पोहोचल्यावर पहिला हात इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवावा. तो कोमट लागला तर त्या दिवशी पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही, कारण थकलेले इंजिनही गरम असताना एका सेल्फमध्ये सुरू होते. रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचा आणखी एक फायदा आहे. ऑईलमध्ये पाणी उतरले असेल तर ते रात्रीतून तळाला बसते; त्यामुळे मालकांच्या संमतीने चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठते त्या भागाचा) ड्रेन बोल्ट अगदी थोडा सैल केला तर ऑईलच्या आधी पाण्याचे थेंब येतात. डिपस्टिकवरचे ऑईल दुधाळ दिसणे ही त्याच रोगाची पुढची पायरी होय. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा इंजिन सुरू केल्यावर पाण्यातून सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅसकेट किंवा हेडमध्येच दोष आहे असे समजावे.

सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात थोडा पांढरा धूर आला तर थंडीच्या दिवसांत त्याचे काही वाटून घेऊ नये. इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून ऑईल जळत आहे. काळा धूर मात्र फसवा असतो. एअर क्लिनर तुंबला तरी तो येतो, नोझल खराब असले तरी येतो आणि ओढ वाढावी म्हणून डिझेल पंप वाढवून घेतला असला तरीही येतो. पंपाच्या समायोजनाच्या स्क्रूवर तारेचे सील असते. ते तुटलेले दिसले तर पंपाला कोणी, केव्हा आणि कशासाठी हात लावला, हे विचारावे. पंप वाढविलेले इंजिन भाराखाली गरम होते आणि त्याचा हिशेब पुढे पिस्टन चुकता करतात.

त्यानंतर इंजिन चालू असताना ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीशी तळहात धरावा. हलकी वाफ येणे स्वाभाविक आहे. पण फसफस करत दमाने धूर बाहेर पडत असेल, किंवा ऑईल भरण्याचे झाकण सैल करून नुसते ठेवले असता ते उडू लागले, तर दोन वर्षांपूर्वीचे ‘काम’ नेमके काय होते याची चौकशी करावी लागेल. हाफ इंजिन बांधले की फुल इंजिन, लायनर-पिस्टन बदलले की नुसत्या रिंगा, क्रँक ग्राइंड केला असल्यास कितव्या मापाची बेअरिंगे घातली, ही माहिती स्पेअर पार्टच्या बिलावर असते. बिल नाही आणि मेस्त्रीचे नावही आठवत नाही, असे उत्तर आले तर काम झालेच नाही असे धरूनच किंमत करावी. ऑईल प्रेशरचा काटा थंडपणी सगळ्यांचाच वर असतो. इंजिन पूर्ण तापल्यावर कमी रेसला तो कुठे येतो, ते पाहण्यासारखे आहे. काही विक्रेते जाड ऑईल भरून हा काटा आणि धूर दोन्ही सावरून धरतात, म्हणून काळेभोर जुने ऑईल मला नव्याकोऱ्या ऑईलपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

रस्त्यावर अर्धा तास चालविणे पुरेसे नाही. ट्रॅक्टरला रोटाव्हेटर किंवा पलटी नांगर जोडून, आपल्यासारख्याच काळ्या जमिनीत, निदान तासभर चालवून पाहावे. मालक शेत द्यायला तयार नसतील तर त्यातूनही पुष्कळ काही कळते. भाराखाली गिअर आपोआप सुटतो का, क्लच जळाल्याचा वास येतो का, तापमानाचा काटा चढतच राहतो का, हे बांधावर उभे राहून कळत नाही. क्लचसाठी एक सोपी कसोटी अशी की मोकळ्या जागेत ब्रेक पक्के दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच प्लेट धरते आहे आणि इंजिन तसेच फिरत राहिले तर ती घसरते आहे. ही कसोटी एकदाच करावी, पुन्हा पुन्हा नव्हे. क्लच प्लेट स्वतः फार महाग नसते, पण ती बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधून फोडावा, म्हणजे दोन भागांत वेगळा करावा लागतो. जोडाच्या जागी बोल्टांवर पान्याचे ताजे ओरखडे आणि गॅसकेटचा नवा लेप दिसला, तर तो अलीकडेच फोडलेला आहे हे समजून घ्यावे. ही वाईटच गोष्ट असते असे नाही, फक्त ती आपल्याला सांगितली गेली होती का, एवढेच पाहायचे.

उत्तर – द्राक्षबागायतदार (निफाड)

मेस्त्रीकाकांनी इंजिनाचे सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी पीटीओ (मागे जोडलेले औजार इंजिनाच्या जोरावर फिरविणारा शाफ्ट) आणि लिफ्ट एवढ्यावरच लिहितो, कारण आमच्या बागांमध्ये ट्रॅक्टर चाकांनी कमी आणि पीटीओने अधिक काम करतो. आमच्याकडून विकला जाणारा लहान ट्रॅक्टर घेताना लोक टायर पाहून खूश होतात, पण फवारणीच्या ब्लोअरवर त्याचा पीटीओ वर्षानुवर्षे फिरलेला असतो आणि गंधक व मोरचुदाच्या फवाऱ्याने वायरिंग, बॅटरीची पेटी आणि रेडिएटरची जाळी खाल्लेली असते. आपला ट्रॅक्टर मोठा असला तरी त्याने फवारणी किंवा मळणीयंत्र चालविले आहे का, हे विचारून घ्यावे.

पीटीओचा शाफ्ट सहा खाचांचा असतो. इंजिन बंद असताना त्यावरचे झाकण काढून खाचांच्या कडा बोटाने चाचपाव्यात. त्या धारदार झालेल्या किंवा एका बाजूने वळलेल्या असतील तर रोटाव्हेटरने त्याला पुष्कळ झटके दिलेले आहेत. शाफ्टच्या बुडाशी ऑईल पाझरते आहे का, तेही पाहावे. डबल क्लचचा ट्रॅक्टर असेल तर पेडल अर्धे दाबल्यावर चाके थांबून पीटीओ फिरत राहिला पाहिजे आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओही थांबला पाहिजे. पीटीओ चालू असताना सैल सदरा, उपरणे किंवा हात त्याच्या जवळ न्यायचा नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच. तरीही लिहितो, कारण ट्रॅक्टर पाहायला गेलेल्या घोळक्यात एक तरी माणूस वाकून पाहतच असतो.

लिफ्टची परीक्षा थंड ऑईलवर करू नये. तासभर काम झाल्यावर रोटाव्हेटर पूर्ण वर उचलावा, इंजिन बंद करावे आणि चहा होईपर्यंत तो तिथेच लटकलेला ठेवावा. सहा फुटी रोटाव्हेटर चारशे-साडेचारशे किलोंचा असतो आणि या ट्रॅक्टरच्या लिफ्टची क्षमता कंपनी १,६०० किलो सांगते, म्हणजे हा भार तिला जड जाता कामा नये. औजार बोटभर खाली आले तर हरकत नाही, पण पाहता पाहता जमिनीला टेकले तर सिलिंडरचे सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतो आहे. इंजिन चालू असताना उचललेले औजार दर काही सेकंदांनी झटका खाऊन पुन्हा सावरत असेल, तर तो त्याच रोगाचा सौम्य प्रकार समजावा. उचललेल्या औजाराखाली कोणी जाऊ नये.

टायरबाबत एकच सांगतो. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा कोरलेला असतो, त्यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. ‘नवे’ टायर खरोखर नवे आहेत की रिसोल केलेले, हे त्या आकड्यावरून आणि नक्षीच्या बुडाशी दिसणाऱ्या जोडावरून कळते.

उत्तर – धानपट्ट्यातील वाचक (भंडारा)

आमच्या जिल्ह्यातून पश्चिमेकडे बरेच ट्रॅक्टर विकले जातात, म्हणून थोडे लिहितो. चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन कमी तासांचे आणि स्वच्छ असू शकते. त्याचा रोग चाकांत असतो. केजव्हील (चिखलात चालणारी लोखंडी जाळीची चाके) लावून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, फिरताना मागच्या ॲक्सलचे ऑईल सील चिखलाने कापले जाते आणि मग आतले ऑईल ब्रेकपर्यंत पोहोचते. कोरड्या डिस्कच्या ब्रेकमध्ये असे झाले की एका बाजूचा ब्रेक लागत नाही. ट्रॅक्टर बाजारात ट्रॉलीशिवाय दाखवितात, त्यामुळे ही गोष्ट सहज निसटते. दोन्ही पेडलांची कडी काढून, मोकळ्या शेतात हळू वेगाने, डावा आणि उजवा ब्रेक वेगवेगळा लावून पाहावा. दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर सारखाच वळला पाहिजे. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑईलचे ओघळ आणि त्यावर बसलेली माती दिसली, तर ब्रेक उघडून पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून चाक वरून-खालून धरून हलवावे. खेळ जाणवला तर हबचे बेअरिंग किंवा किंगपिनचे बुश गेलेले आहे. हे काम फार खर्चाचे नसते. पण ज्या ट्रॅक्टरला पुढे लोडर लावून माती-मुरूम उचललेला आहे, त्याच्या पुढच्या ॲक्सलची मधली पिन आणि तिला धरणारे बीड तपासल्याशिवाय राहू नये. तिथे तडा असेल तर असा ट्रॅक्टर सोडून द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर – कागद आधी (लातूर)

यंत्राबद्दल मला अधिकार नाही, परंतु वाहन नोंदणीची कामे पाहत असल्यामुळे कागदांबद्दल लिहितो. आरसीचे नुसते पुस्तक किंवा कार्ड पाहू नये. परिवहनच्या ॲपवर वाहनक्रमांक घालून मालकाचे नाव, नोंदणीचा दिनांक, विम्याची मुदत आणि बोजा यांची नोंद पडताळावी. त्यानंतर चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक ट्रॅक्टरवर स्वतः वाचावेत. रंग नवा असल्यामुळे हे अधिकच महत्त्वाचे आहे. चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा आणि आरसीशी अंकन्अंक जुळवावा. इंजिन बदललेले असेल आणि आरसीवर जुनाच क्रमांक असेल, तर हस्तांतरणाच्या वेळी तेच काम अडते.

बहुतेक ट्रॅक्टर कर्जावर घेतलेले असतात. कर्ज फिटले तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो. मालकांनी ‘कर्ज केव्हाच फेडले’ असे सांगितले तरी आरसीवर बँकेचे नाव असेपर्यंत आपल्या दृष्टीने कर्ज आहेच. ऊस वाहतुकीची शंका असेल तर कारखान्याशी केलेला वाहतूक करार संपला आहे का आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, बाकी आहे का, हेही विचारावे. उचलीची वसुली करायला येणारी माणसे ट्रॅक्टर आता कोणाच्या दारात आहे, याचा विचार करीत नाहीत. ट्रॅक्टर शासकीय अनुदानावर घेतलेला असेल, तर ठरावीक काळ तो विकू नये अशी अट मंजुरीपत्रात असू शकते. ते पत्र मागून वाचावे.

सर्वांत मोठा घोटाळा नोटरी करारावर फिरलेल्या ट्रॅक्टरांचा असतो. आरसीवर पहिल्या मालकाचे नाव, त्याने दुसऱ्याला स्टँप पेपरवर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि आपल्याला विकणारा चौथा, अशी साखळी असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे एकाच राज्यातील विक्रीची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला द्यायची असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी ठरविताना ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक धरला जाईल. म्हणजे हस्तांतरण पूर्ण करणे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे आणि हे त्याला समजावून सांगितले तर सह्यांसाठी तो टाळाटाळ करीत नाही. नोंदणीवरील मालकाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ट्रॅक्टरची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते, म्हणजे २०१५ च्या नोंदणीला २०३० पर्यंत अडचण नाही. ट्रॉली सौद्यात मिळणार असेल तर तिची नोंदणी आणि विमा वेगळा असतो, तो स्वतंत्र पाहावा.

गोदाकाठचा शेतकरी (कोपरगाव)

सर्वांचे मनापासून आभार. मेस्त्रींना घेऊन भल्या सकाळी जाऊन आलो. ब्लॉक थंडगार होता आणि ट्रॅक्टर दुसऱ्या सेल्फला सुरू झाला. ब्रीदरमधून वाफ थोडीच होती, चेंबरच्या ड्रेन बोल्टमधून पाणी आले नाही आणि इंजिनाच्या कामाची बिलेही मिळाली. लायनर-पिस्टन बदलल्याचे त्यात दिसते. पेडल मात्र इतके घासलेले आहेत की ३,८०० तास कोणालाच पटेनात. हुकाच्या मागे वेल्डिंग आहे. ते दाखविल्यावर मालकांनी स्वतःहून सांगितले की त्यांच्या भावाने काही हंगाम या ट्रॅक्टरने ऊस ओढला होता.

शेतात रोटाव्हेटरवर तो व्यवस्थित चालला आणि क्लच घसरला नाही. लिफ्टवर ठेवलेला रोटाव्हेटर मात्र इंजिन बंद केल्यावर पाच-सहा मिनिटांत खाली आला. परतताना उतारावर रेस सोडली की हाय (जलद) बाजूचा तिसरा गिअर सुटून लिव्हर न्यूट्रलला येतो. आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे. ना हरकत पत्र बँकेकडून मिळेल असे मालक म्हणतात. हे सगळे मांडल्यावर ते ३ लाख २० हजारांवर आले आहेत. मला ओढकाम जवळपास नाही. असा ट्रॅक्टर घ्यावा की सोडावा?

उत्तर – कृष्णाकाठचा मेस्त्री (वाळवा)

इंजिन चांगले आणि क्लच धरणारा असेल तर केवळ ऊस ओढला म्हणून मी हा ट्रॅक्टर सोडणार नाही; मात्र किंमत ओढकामाच्या ट्रॅक्टरची द्यावी, घरच्या शेतीच्या ट्रॅक्टरची नव्हे. आणखी एक आधार आपल्या बाजूने आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा नव्याच्या जुन्या किमतीशी तुलना करून सांगितलेला भाव आता टिकत नाही.

गिअरचा निर्णय मात्र सौद्याआधी करून घ्यावा. या ट्रॅक्टरला चार गिअर आणि हाय-लो अशी रचना आहे, म्हणून तोच तिसरा गिअर लोमध्ये टाकून, शेतातल्या चढ-उतारावर रेस सोडून पाहावे. लोमध्येही सुटला तर दोष तिसऱ्या गिअरच्या जोडीत किंवा त्याच्या शिफ्टरमध्ये आहे. फक्त हायमध्ये सुटत असेल तर दुसरा आणि चौथा हायमध्ये तपासावा, म्हणजे हाय-लोच्या बाजूचे दाते झिजले आहेत का ते कळेल. कधी कधी वरच्या झाकणातील गोळी आणि स्प्रिंग दमलेली असते आणि एवढ्याने गिअर सुटतो; ते झाकण ट्रॅक्टर न फोडता उघडता येते आणि खर्चही किरकोळ येतो. म्हणून मालकांच्या समक्ष झाकण उघडून, टॉर्च लावून दात्यांच्या कडा पाहाव्यात. कडा गोलावलेल्या असतील तर गिअर आणि शाफ्टचा खर्च आपल्या मेस्त्रींकडून लिहून घेऊन तेवढी रक्कम ३ लाख २० हजारांतून वजा करण्यास सांगावे.

लिफ्टचे सील पेरणीच्या आधी बदलून घ्यावे. त्याच वेळी हायड्रोलिकचे ऑईल आणि गाळणी बदलली तर पुन्हा उघडावे लागणार नाही. हुकाची पट्टी नवी करून घ्यावी, जुन्या वेल्डिंगवर पुन्हा टाका मारू नये. विसार द्यायचा झाला तर तो बँकेच्या खात्यातूनच द्यावा आणि पावतीवर चेसिस क्रमांक, ठरलेली किंमत आणि ‘बोजा उतरल्याशिवाय उरलेली रक्कम देय नाही’ हे वाक्य मालकांच्या सहीसह लिहून घ्यावे.